टोकाचा स्तंभ

पंचांगाचे पान ज्याने एकदा तरी नीट न्याहाळले आहे, त्याला सारणी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आडवी एकेका दिवसाची ओळ. उभे तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ह्यांचे स्तंभ. आणि ओळ व स्तंभ जेथे एकमेकांस छेदतात तेथे एक घर. घरखर्चाची वही ही देखील सारणीच होय. तारखांच्या ओळी, आणि दूध, भाजी, वाणसामान, औषधपाणी ह्यांचे स्तंभ. महिनाअखेर ही वही पुढे ओढून गृहिणी जेव्हा विचारते, की रोजचा पैसा सर्वांत अधिक कशावर गेला आणि सर्वांत कमी कशावर, तेव्हा ती संख्याशास्त्रातील एक नित्याचा प्रश्नच विचारीत असते. सारणीतील कोणत्या स्तंभाची सरासरी सर्वांत मोठी, आणि कोणत्या स्तंभाची सर्वांत लहान? टोकाचा स्तंभ कोणता?

प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. प्रत्येक स्तंभातील आकड्यांची बेरीज करावी, जितके आकडे तितक्यांनी तिला भागावे, आणि आलेल्या उत्तरांतून मोठ्यात मोठे व लहानात लहान निवडावे. प्राथमिक शाळेतील मुलासही हे साधेल. परंतु कोणत्या महिन्यात शहराची हवा घातक होती, कोणत्या शाळेतील मुले अधिक गुण मिळवितात, कोणत्या जिल्ह्यात अमुक रोगाने अधिक माणसे दगावतात, असे निवाडे ह्याच कृतीच्या आधारे होत असतात. आणि निवाडा एकदा झाला की त्याच्या मागोमाग पैसा, नियम आणि दोषारोप चालू लागतात. तेव्हा यंत्राला नेमके काय विचारले गेले आणि त्याने नेमके कशाचे उत्तर दिले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

संख्याशास्त्राच्या कामासाठी आज जगभर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकभाषेचे नाव अवघ्या एका अक्षराचे आहे: ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन ह्या दोघांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती रचली. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर इंग्रजीत ‘आर’. शिवाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७६ पासून ‘एस’ नावाची जी भाषा घडविली होती, तिच्याच वळणावर ही नवी भाषा गेलेली. वर्णमालेत ‘एस’च्या शेजारचे अक्षर तिने घेतले, असेही म्हणता येते. १९९५ साली ती सर्वांस विनामूल्य खुली झाली आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे चार वर्षांतून एकदाच उगवणाऱ्या तारखेला, बाहेर पडली.

ह्या भाषेत टोकाचा स्तंभ शोधावयास एक ओळ पुरते. ‘कोलमीन्स’ ह्या आज्ञेने सर्व स्तंभांच्या सरासऱ्या एकदम मिळतात. ‘व्हिच.मॅक्स’ ह्या आज्ञेने त्यांतील सर्वांत मोठी सरासरी कितव्या स्तंभाची हे कळते, आणि ‘व्हिच.मिन’ने सर्वांत लहान कितव्याची. येथे ‘किती’ आणि ‘कितवा’ ह्यांतील भेद ध्यानात ठेवावयाचा. नुसत्या ‘मॅक्स’ने मोठ्यात मोठा आकडा हाती येतो, ‘व्हिच.मॅक्स’ने त्याचे स्थान. पहिली आज्ञा निकालपत्रातील सर्वाधिक गुण सांगते, दुसरी ते मिळविणाऱ्याचा हजेरीक्रमांक. आणि दोन विद्यार्थ्यांस सारखेच सर्वाधिक गुण पडले असतील तर? ‘व्हिच.मॅक्स’ हजेरीत जो आधी येतो त्याचाच क्रमांक सांगून स्वस्थ बसते. दुसऱ्याचा उल्लेखही करीत नाही. बरोबरीचे सारे स्तंभ हवे असतील तर मोठ्यात मोठ्या सरासरीशी जुळणारे स्तंभ कोणकोणते, असा निराळा प्रश्न करावा लागतो. यंत्राचा स्वभाव येथेच दिसून येतो. जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते, आणि सांगताना कधी अडखळत नाही.

हे सारे एका खऱ्या सारणीवर पडताळून पाहणे बरे. ऐकणाऱ्यांनी कागद आणि पेन्सिल जवळ घेतल्यास पुढील आकडे अधिक सुलभ होतील.

‘आर’ भाषेबरोबरच सरावासाठी काही सारण्या मिळतात. त्यांपैकी एकीचे नाव ‘एअरक्वालिटी’, म्हणजे हवेची प्रत. न्यू यॉर्क शहरात १९७३ साली १ मेपासून ३० सप्टेंबरपर्यंत केलेल्या नोंदी तिच्यात आहेत. दिवस १५३, म्हणून ओळी १५३. स्तंभ सहा. पहिल्यात रूझवेल्ट बेटावर दुपारी एक ते तीन ह्या वेळात मोजलेला हवेतील ओझोन, एक अब्ज भागांत किती भाग ह्या मानाने. दुसऱ्यात सेंट्रल पार्क उद्यानात सकाळी आठ ते बारा ह्या वेळात पोहोचलेले सूर्यतेज. तिसऱ्यात ला गार्डिया विमानतळावरील वाऱ्याचा वेग, ताशी मैलांत. चौथ्यात तेथलेच दिवसाचे कमाल उष्णतामान, फॅरनहाइट अंशांत. आणि उरलेल्या दोहोंत महिना व तारीख. चेंबर्स, क्लीव्हलंड, क्लायनर व ट्युकी ह्यांच्या १९८३ सालच्या ग्रंथात ही सारणी छापली गेली. त्यांतील चेंबर्स म्हणजे ‘एस’ भाषा घडविणारे तेच गृहस्थ.

ओझोनविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. भूपृष्ठापासून पुष्कळ उंचावर असलेला ओझोन सूर्याच्या तीव्र किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु तोच वायू माणसाच्या श्वासाच्या उंचीवर साठला म्हणजे फुप्फुसांस जाचतो. दमेकऱ्यांस तर फारच. मोटारी व कारखाने ह्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनांच्या वाफा ह्यांवर कडक ऊन पडून तो तयार होतो. वारा पडलेला असला की तो जागच्या जागी साचतो. तेव्हा न्यू यॉर्कच्या त्या पाच महिन्यांत हवा कोणत्या महिन्यात सर्वांत वाईट होती, हा प्रश्न खेळातला नाही. घरात दमेकरी असलेल्या कुटुंबाला त्याचे उत्तर हवेच असणार.

आता सहाही स्तंभ तसेच यंत्रापुढे ठेवून कोणाची सरासरी मोठी असे विचारले, तर ते म्हणते: चौथा, उष्णतामानाचा, सरासरी सुमारे ७७.९. उत्तर ऐकावयास भारदस्त, आणि चुकीचे. कारण सूर्यतेजाच्या स्तंभाची सरासरी जवळजवळ १८६ आहे. मग यंत्राने तो स्तंभ का वगळला? कारण त्या स्तंभातील सात घरे रिकामी आहेत, आणि ओझोनच्या स्तंभातील तर सदतीस.

रिकाम्या घराचा हा प्रकार घरखर्चाच्या वहीवरून चांगला समजतो. दुधाच्या स्तंभात एखाद्या तारखेसमोर काहीच लिहिलेले नाही. त्या दिवशी गवळी आला नाही म्हणून खर्च शून्य, की रतीब नेहमीप्रमाणे घेतला पण लिहावयाचे राहून गेले? पहिल्या गोष्टीत शून्य हा खरा आकडा आहे. दुसरीत आकडा आहेच, फक्त तो कोणास ठाऊक नाही. ‘आर’ भाषेत ह्या दुसऱ्या प्रकारच्या घरात ‘एनए’ अशी खूण असते. ‘उपलब्ध नाही’ असा तिचा अर्थ. आणि ह्या खुणेच्या बाबतीत ती भाषा मोठी सचोटीची आहे. ज्या स्तंभातील एकही घर अज्ञात आहे, त्याची बेरीज अज्ञात आणि म्हणून सरासरीही अज्ञात, असा तिचा सरळ न्याय. त्यामुळे ओझोन व सूर्यतेज ह्या दोहोंच्या सरासऱ्या ‘एनए’ आल्या. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु पुढची आज्ञा, ‘व्हिच.मॅक्स’, ही अज्ञातांना बाजूस सारून उरलेल्यांतून निवड करते, आणि तसे केल्याचे सांगत नाही. एकीची सचोटी दुसरीच्या अबोलपणात बुडून जाते.

ह्यावर उपाय आहे. रिकामी घरे सोडून उरलेल्यांचीच सरासरी घे, असे ‘कोलमीन्स’ला बजावता येते. तसे केले म्हणजे ओझोनची सरासरी ४२.१, सूर्यतेजाची १८५.९, वाऱ्याची जवळजवळ १० व उष्णतामानाची ७७.९ अशी येते, आणि सर्वांत मोठा स्तंभ सूर्यतेजाचा ठरतो. सर्वांत लहान कोणता? यंत्र गंभीरपणे सांगते: ‘महिना’. मे म्हणजे ५, सप्टेंबर म्हणजे ९, आणि त्यांची सरासरी ६.९९, वाऱ्याहूनही कमी! हसू येण्याजोगे हे उत्तर गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. मैल, अंश आणि पंचांगातील क्रमांक एका तागडीत घातले तर असेच व्हावयाचे. ज्या स्तंभांची सरासरी ताडून पाहावयाची ते एकाच मापाचे असले पाहिजेत, ही अट यंत्र घालीत नाही; ती विचारणाऱ्याने आपल्या मनाशी घालावयाची असते.

म्हणून सारणी निराळी मांडावी. फक्त ओझोन घ्यावा; तारखांच्या ३१ ओळी आणि महिन्यांचे पाच स्तंभ करावेत. आता सर्व आकडे एका मापाचे झाले. नवी सारणी यंत्रापुढे ठेवून, रिकाम्या घरांविषयी काही न बजावता विचारले, तर ह्या खेपेस उत्तरच येत नाही. पाचही स्तंभांत कोठे ना कोठे रिकामे घर आहे, म्हणून पाचही सरासऱ्या अज्ञात, आणि निवडावयास काही उरलेच नाही. मघाच्या चुकीच्या उत्तरापेक्षा हे मौन शतपटीने बरे.

रिकामी घरे सोडावयास सांगितल्यावर मात्र पाच सरासऱ्या मिळतात: मे २३.६२, जून २९.४४, जुलै ५९.१२, ऑगस्ट ५९.९६, सप्टेंबर ३१.४५. सर्वांत मोठा स्तंभ चौथा, ऑगस्टचा. सर्वांत लहान पहिला, मे महिन्याचा. यंत्राचे काम संपले.

विचार करणाराचे काम येथून सुरू होते. ऑगस्ट आणि जुलै ह्यांच्या सरासऱ्यांत अंतर किती? अब्जात एक भागही नाही, ०.८५. दोन्ही महिन्यांत नोंद असलेले दिवस २६च आहेत, त्यामुळे बेरजांचीच तुलना करता येते: ऑगस्टची १५५९, जुलैची १५३७. सव्वीस दिवसांत मिळून फरक २२ चा. उलट ऑगस्टमधील एकेका दिवसाचे आकडे पाहावेत तर ते ९ पासून १६८ पर्यंत हेलकावे खातात. संख्याशास्त्रात हे हेलकावे प्रमाण विचलनाने मोजतात. ऑगस्टचे ते सुमारे ३९.७ व जुलैचे ३१.६ आहे. इतक्या हेलकाव्यांत सव्वीस दिवसांची सरासरी सहजगत्या सहा-आठ भाग इकडे-तिकडे होऊ शकते. तेथे पाऊण भागाच्या अंतराने एका महिन्यास पहिला व दुसऱ्यास दुसरा ठरविणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे होय.

त्यातही त्या १६८ कडे लक्ष द्यावे. ही २५ ऑगस्टची नोंद. पाचही महिन्यांतील सर्वांत मोठी. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी केवळ ३.४ मैल होता, म्हणजे त्या हंगामाच्या सरासरीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. ह्या एका दिवसाची नोंद त्या बेटावरील यंत्राकडून हुकली असती, तर ऑगस्टची सरासरी ५५.६४ वर उतरली असती आणि यंत्राने तितक्याच ठामपणे जुलैचे नाव घेतले असते. न्याय दोघांस सारखा लावावयाचा म्हणून दोन्ही महिन्यांचा सर्वांत वाईट दिवस वगळावा (जुलैतील तो पहिल्या तारखेचा, १३५ चा), तरीही जुलै ५६.०८ वर राहून अर्ध्या भागाने पुढेच असतो.

एका दांडग्या आकड्याने सरासरी ओढली जाते, हे जुने दुखणे आहे. आळीत एक लक्षाधीश राहावयास आला की कागदावर सारी आळी श्रीमंत होते. त्यावरील तोडगाही जुनाच: आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा. ह्यालाच मध्यक म्हणतात. ऑगस्टचा मध्यक ५२, जुलैचा ६०. म्हणजे मध्यकाच्या न्यायाने जुलै पुढे, आणि तोही चांगला आठ भागांनी. ‘आर’मध्ये हे साधावयाचे तर ‘कोलमीन्स’ऐवजी ‘अप्लाय’ ह्या आज्ञेने प्रत्येक स्तंभास मध्यकाची क्रिया लावावयाची. एवढाच काय तो बदल.

मग खरा टोकाचा महिना कोणता? येथे प्रश्नकर्त्यालाच उलट विचारणे भाग आहे, की त्याला काय हवे आहे. १९७१ साली अमेरिकेत ओझोनसारख्या प्राणिलांसाठी तासाच्या सरासरीला अब्जात ८० भाग अशी मर्यादा घातली गेली होती. रूझवेल्ट बेटावरील आकडे दोन तासांचे असल्यामुळे त्या मर्यादेशी त्यांची काटेकोर तुलना होत नाही. तथापि ८० ही रेघ धरून तिच्यावर गेलेले दिवस मोजले, तर जुलैत सहा भरतात आणि ऑगस्टमध्ये सात. वाईट दिवस किती, असे विचारणाऱ्याला ऑगस्ट; नेहमीचा दिवस कसा होता, असे विचारणाऱ्याला जुलै. आणि सरासरी विचारणाऱ्याला खरोखर सांगावयाचे ते हे, की दोन्ही महिने सारखेच वाईट होते आणि उरलेले तीन त्यांच्याहून पुष्कळच बरे. पहिल्या दोहोंतील फरक पाऊण भागाचा, आणि त्यांच्या व तिसऱ्याच्या मधली दरी २७ भागांहून अधिक. ‘व्हिच.मॅक्स’ला ह्या दरीची जाणीव नसते, कारण ती फक्त एकच नाव सांगते. म्हणून जाणकार लोक एक नाव विचारण्याऐवजी सर्व सरासऱ्या उतरत्या क्रमाने मांडून घेतात. त्यासाठीही एका शब्दाची आज्ञा आहे.

स्तंभ पाडतो कोण, हाही एक प्रश्नच आहे. त्या वर्षी २८ ऑगस्टपासून ४ सप्टेंबरपर्यंत आठ दिवस कमाल उष्णतामान एकदाही ९१ अंशांखाली आले नाही. २८ तारखेला ते ९७ होते. ही एकच उष्णतेची लाट. तिच्यातील ओझोनचे आकडे क्रमाने ७६, ११८, ८४, ८५, ९६, ७८, ७३, ९१. हवेला दिनदर्शिका ठाऊक नव्हती. परंतु सारणीने ह्या लाटेचे बरोबर मधोमध दोन तुकडे केले, चार दिवस ऑगस्टच्या पदरात आणि चार सप्टेंबरच्या. सप्टेंबरची एकूण बेरीज ९१२. तिच्यातील ३३८ ह्या पहिल्या चार दिवसांचीच. ते वगळले तर उरलेल्या पंचवीस नोंदींची सरासरी २३ च्या आतच येते, म्हणजे मे महिन्याहूनही खाली. उन्हाळ्याचे स्तंभ पंधरवड्यांनी पाडले असते तर टोके निराळी निघाली असती.

उष्णतामानाच्या स्तंभाची गंमतही येथेच सांगण्याजोगी आहे. त्यात एकही घर रिकामे नाही. महिन्यावार सरासरी काढली तर जुलै ८३.९० आणि ऑगस्ट ८३.९७. एकतीस दिवसांच्या अंशांची बेरीज एकीकडे २६०१, दुसरीकडे २६०३. महिनाभरात मिळून दोन अंशांची आघाडी, आणि तिच्या जोरावर ऑगस्ट ‘सर्वांत उष्ण महिना’!

आता दुसऱ्या टोकाकडे वळावे. सर्वांत कमी सरासरी मे महिन्याची, २३.६२; त्याच्यावर जून, २९.४४. येथे कोणी हौशी माणूस रिकाम्या घरांचा कंटाळा येऊन त्यांत शून्ये भरील, तर काय होईल? जूनची सरासरी ८.५५ वर कोसळेल आणि यंत्र सांगेल की न्यू यॉर्कची हवा जूनमध्ये सर्वांत निर्मळ होती. त्यातही ३१ जून ही तारीखच नाही. एकतीस ओळींच्या सारणीत जून व सप्टेंबर ह्यांच्या तळाशी जे घर रिकामे राहते ते नोंद हुकल्यामुळे नव्हे, तर तो दिवस उगवलाच नाही म्हणून. शून्य भरणारा ह्या न उगवलेल्या दिवसाच्या हवेचेही मोजमाप करून मोकळा होतो.

जूनमध्ये इतकी पडझड का, हे पाहावयास स्तंभात भरलेली घरे किती, असे विचारावे लागते. ‘एनए’ नसलेली घरे मोजून स्तंभवार त्यांची बेरीज घ्यावयाची. उत्तर येते: मे २६, जून ९, जुलै २६, ऑगस्ट २६, सप्टेंबर २९. जूनच्या तीस दिवसांपैकी एकवीस दिवसांची नोंद नाही. २९.४४ हा आकडा, दोन दशांश स्थळांसह मोठ्या डौलाने इतरांच्या पंक्तीस बसलेला, अवघ्या नऊ दिवसांवर उभा आहे. आणि ते नऊही ७ तारखेपासून २० तारखेपर्यंतच्या दोन आठवड्यांतले.

थोड्या आकड्यांवरील सरासरी फार डळमळते, हे अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्र ह्या गणितज्ञाने नियमबद्ध केले. सरासरीचा डळमळीतपणा आकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तो निम्मा करावयाचा तर आकडे दुप्पट नव्हेत, चौपट लागतात. ह्या नियमाचे एक परिणामकारक उदाहरण अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर ह्यांनी २००७ साली एका लेखात मांडले. अमेरिकेतील कौंट्यांमध्ये, म्हणजे तेथील जिल्ह्यांमध्ये, मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी कोठे, असे पाहिले तर ग्रामीण, विरळ वस्तीच्या कौंट्या पुढे येतात. मोकळी हवा, ताजे अन्न, असे कारण तत्काळ सुचते. मग सर्वांत अधिक प्रमाण कोठे? तेथेही ग्रामीण, विरळ वस्तीच्याच कौंट्या, कित्येकदा पहिल्यांच्या शेजारच्या. त्यांना दारिद्र्य आणि वैद्यकीय सोयींचा अभाव ही कारणे लावावयास कोणी मागे राहणार नाही. वस्तुतः दोन्ही टोकांचे कारण एकच: लोकसंख्या लहान. जेथे माणसेच थोडी तेथे एक रोगी अधिक निघाला की प्रमाण आभाळाला भिडते, आणि एकही न निघाला तर शून्यावर येते. टोके शोधावयास निघालेल्याच्या हाती आधी हेच लहान स्तंभ लागतात, मग त्यांच्यात रोगाचे खरे काही असो वा नसो. शाळांच्या बाबतीत ह्याच भ्रमाने अमेरिकेत पुष्कळ द्रव्य खर्ची पडले. गुणांच्या यादीत अग्रभागी लहान शाळा अधिक दिसल्या, म्हणून मोठ्या शाळा फोडून लहान करण्यात आल्या. यादीच्या तळाशीही लहान शाळाच अधिक होत्या, तिकडे फार थोड्यांनी पाहिले.

स्तंभ शेकडो-हजारो असले म्हणजे हा धोका फारच वाढतो. संपूर्ण रिकामा स्तंभ असेल तर त्याची सरासरी ‘संख्याच नव्हे’ अशी येते आणि यंत्र त्यास वगळते. परंतु एकच घर भरलेला स्तंभ मात्र पुरा हक्क सांगत स्पर्धेत उतरतो, आणि पुष्कळदा जिंकतोही. म्हणून व्यवहारात आधी किमान किती घरे भरलेली हवीत ते ठरवून, त्याहून उणे स्तंभ बाजूस ठेवून मगच टोके शोधण्याचा प्रघात आहे. ती किमान संख्या कोणती, हे मात्र कोणतीही आज्ञा सांगत नाही.

न्यू यॉर्कच्या सारणीत जून असा बाजूस ठेवला, तर मे महिना सर्वांत निर्मळ असे म्हणता येते काय? त्याच्या सव्वीस नोंदींपैकी पंचवीस ४५ च्या आत आहेत. एकच, ३० मेची, ११५ ची आहे. एप्रिल आणि ऑक्टोबर सारणीत नाहीतच. तेव्हा नोंदलेल्या महिन्यांपुरते मे कमी, हे विधान टिकते.

जूनविषयी मात्र काहीच म्हणता येत नाही, आणि न म्हणण्यास सबळ कारण आहे. त्या महिन्यात उष्णतामान रोज मोजले गेले होते. त्याची सरासरी ७९.१ अंश, म्हणजे सप्टेंबरहून दोन अंशांनी अधिकच. सर्वांत तापलेले दोन दिवस ११ आणि १२ जून. पारा अनुक्रमे ९३ आणि ९२ अंशांवर गेला होता, आणि ऊनही कडक होते. ओझोनच्या स्तंभात त्या दोन्ही तारखांसमोरची घरे रिकामी आहेत.